वेगवेगळ्या देशांतले डेटाबेस सर्व्हर, त्यांवरचे जॉब आणि स्थानिक वेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटाबेस मुंबई, लंडन आणि न्यू यॉर्कला, आणि ते सांभाळणारी टीम पुण्यात, ही मांडणी आता नेहमीची झाली आहे. भारतात घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यामुळे वेळेचा घोळ आपल्याकडून सुरू होत नाही. तो समोरून येतो, आणि बहुधा रविवारी. खालची उत्तरे ही मांडणी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. जॉब म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप सुटणारे काम. आज्ञा, सेटिंग आणि टाइम झोनची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना त्यांचे मूळ रोमन स्पेलिंग वापरा.

जॉबची वेळ लावताना सगळ्यात आधी काय ठरवायचे?

जॉब कुणाच्या घड्याळाला बांधलेला आहे, हे. काही जॉबना घड्याळाशी काही देणेघेणे नसते. दर १५ मिनिटांनी लॉगचा बॅकअप, दर सहा तासांनी इंडेक्सची देखभाल, जुन्या नोंदींची सफाई. असे जॉब सरळ यूटीसीत (वर्षभर न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत) लावावेत. काही जॉब मात्र एखाद्या गावच्या दिवसाला बांधलेले असतात. लंडनच्या दुकानांचा हिशेब लंडनची मध्यरात्र उलटल्यावरच बंद होणार आणि पुण्यातल्या व्यवस्थापकाला अहवाल पुण्याच्या सकाळी सातलाच हवा असणार. अशा जॉबला त्या गावचा झोन नावानिशी द्यावा लागतो.

जॉबच्या यादीत ‘वेळ’ या रकान्याशेजारी ‘कुणाची वेळ’ असा रकाना ठेवा. तो भरताना अडखळायला झाले तर त्या जॉबबद्दल व्यवसायाकडच्या माणसांना विचारायचे राहून गेले आहे असे समजा. हे सेटिंग शोधून सुटत नाही, विचारूनच सुटते.

भारत, लंडन आणि न्यू यॉर्क यांच्यातला फरक नेमका किती, आणि तो कधी बदलतो?

लंडन हिवाळ्यात आपल्या ५ तास ३० मिनिटे मागे असते, उन्हाळ्यात ४ तास ३० मिनिटे. न्यू यॉर्क हिवाळ्यात १० तास ३० मिनिटे मागे, उन्हाळ्यात ९ तास ३० मिनिटे. अमेरिकेत २००७ पासून उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे करणे) मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. ब्रिटन आणि युरोपीय संघात ती मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते.

२०२६ च्या तारखा अशा : न्यू यॉर्कचे घड्याळ ८ मार्चला पुढे आणि १ नोव्हेंबरला मागे, लंडनचे २९ मार्चला पुढे आणि २५ ऑक्टोबरला मागे. म्हणजे ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या दोन पट्ट्यांत लंडन आणि न्यू यॉर्क यांच्यातला नेहमीचा पाच तासांचा फरक चारवर येतो. बिघाड बहुधा याच पट्ट्यांत होतात, कारण प्रत्येकाने ‘हिवाळ्याचे’ आणि ‘उन्हाळ्याचे’ असे दोनच हिशेब केलेले असतात आणि हा तिसरा कुणाच्या मनातच नसतो.

आपल्या सोयीची गोष्ट अशी की लंडनचा बदल भारतीय वेळेने सकाळी ६:३० ला होतो. न्यू यॉर्कचा मार्चमध्ये दुपारी १२:३० ला आणि नोव्हेंबरमध्ये सकाळी ११:३० ला. चारही वेळा रविवार असतो, पण रात्र जागवावी लागत नाही. या चार दिवशी कुणाला तरी ड्यूटी लावा.

उन्हाळ्यात नीट चालणारा जॉब ऑक्टोबरच्या शेवटी अचानक अपुरा अहवाल का देतो?

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. लंडनच्या सर्व्हरवर दिवसअखेरचा जॉब लंडनच्या ००:३० ला सुरू होतो आणि ४० मिनिटे चालतो. मुंबईच्या सर्व्हरवर तो डेटा ओढून घेणारा जॉब ६:१५ ला लावला आहे. हे जुलैत लावले, तेव्हा लंडनचे ००:३० म्हणजे आपले पहाटेचे ५:००. काम ५:४० ला संपते, वर ३५ मिनिटांची सवड उरते. सगळे छान.

हिवाळी वेळ लागू झाली की लंडनचे ००:३० म्हणजे आपले ६:००. काम ६:४० ला संपणार, आणि मुंबईचा जॉब ६:१५ ला अर्धवट डेटा घेऊन मोकळा होणार. त्याला एररही येत नाही, कारण टेबलात काही ना काही ओळी असतातच. लॉगमध्ये ‘यशस्वी’ लिहिलेले असते. अपुरा आकडा दुपारी कुणीतरी माणूसच पकडतो.

हा बिघाड २५ ऑक्टोबरला दिसत नाही. त्या रात्री ००:३० ला लंडनमध्ये अजून उन्हाळी वेळच असते, घड्याळ दोनला मागे जाते. पहिला अपुरा अहवाल सोमवारी, २६ तारखेला येतो. रविवारी सगळे तपासून ‘सर्व ठीक’ असा मेल पाठवलेला असतो, म्हणून सोमवारी कुणाचा वेळेवर संशय जात नाही.

मुंबईच्या जॉबची वेळ ७:१५ केली तर दुखणे फक्त पुढे ढकलले जाते. खरा उपाय असा : लंडनच्या जॉबने काम संपल्यावर एका छोट्या टेबलात व्यवसायाची तारीख, जॉबचे नाव आणि संपल्याची यूटीसी वेळ अशी एक ओळ लिहावी. मुंबईच्या जॉबने ५:१५ पासून दर पाच मिनिटांनी ती ओळ आली का पाहावे आणि आल्यावरच डेटा ओढावा. ७:१५ पर्यंत ओळ आली नाही तर माणसाला कळवावे. दोन सर्व्हरांमधले अवलंबन घड्याळावर कधीही सोडू नका.

सगळे सर्व्हर यूटीसीवर ठेवावेत का?

नवे सर्व्हर, हो, बिनदिक्कत. यूटीसीत कुठलाही तास गळत नाही आणि कुठलाही दोनदा येत नाही. तीन देशांतले लॉग शेजारी ठेवले तरी ओळी एकमेकींशी जुळतात.

जुना सर्व्हर वळवताना मात्र जपून. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘टाइमस्टँप’ प्रकारचा रकाना आतून यूटीसीत साठतो, पण ‘डेटटाइम’ रकाना जसे लिहिले तसाच राहतो. भारतीय वेळेने पाच वर्षे भरलेल्या डेटटाइम रकान्याखालचा सर्व्हर यूटीसीवर नेला, तर त्या दिवसापासून ‘नाउ’ (आताची वेळ देणारे फंक्शन) साडेपाच तास मागची वेळ लिहू लागते. एकाच रकान्यात दोन प्रकारच्या वेळा पडतात आणि नंतर कुठली कुठल्या प्रकारची हे ओळखता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ या डेटाबेसमधल्या ‘गेटडेट’चेही असेच.

क्रम असा ठेवा. आधी स्थानिक वेळ लिहिणारे सगळे रकाने आणि डिफॉल्ट शोधा. मग ॲप्लिकेशनकडून यूटीसी लिहून घेणे सुरू करा. जुन्या नोंदी एका ठरलेल्या क्षणापर्यंत रूपांतरित करा आणि तो क्षण लिहून ठेवा. सर्व्हरचा झोन सगळ्यांत शेवटी बदला आणि डेटाबेस व शेड्यूलर (जॉब वेळेवर सोडणारा प्रोग्रॅम) या दोन्ही सेवा पुन्हा सुरू करा. चालू असलेला क्रॉन (लिनक्सचा शेड्यूलर) झोन बदलल्याची दखल आपणहून घेईलच असे नाही.

यूटीसीवर क्रॉन लावताना वार आणि तारीख का चुकतात?

कारण भारताची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे १८:३०. ‘सोमवारी पहाटे २:००’ हे यूटीसीत रविवार २०:३० होते, म्हणून क्रॉनची ओळ ‘३० २० * * ०’ अशी हवी (क्रमाने मिनिट, तास, तारीख, महिना, वार; ० म्हणजे रविवार). तास बदलून वार तसाच ठेवणे ही सर्रास होणारी चूक. जॉब चालतो, पण एक दिवस उशिरा.

महिन्याच्या १ तारखेचा जॉब आणखी अवघड. १ तारखेची पहाट २:०० म्हणजे यूटीसीत आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस, २०:३०. तो कधी २८, कधी २९, ३० किंवा ३१, आणि साध्या क्रॉनमध्ये ‘शेवटचा दिवस’ असे लिहिता येत नाही. वेळ ‘३० २० २८-३१ * *’ अशी लावा आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत भारतीय वेळेने तारीख १ आहे का ते पाहा. नसेल तर तिथूनच परत फिरा.

स्क्रिप्टच्या आत ‘आजची तारीख’ घेताना हाच खड्डा पुन्हा येतो. पहाटे एकला चाललेल्या जॉबला यूटीसी सर्व्हर कालची तारीख देतो. ‘काल’ काढायला त्यातून एक वजा केला तर परवाचा डेटा उचलला जातो. व्यवसायाची तारीख झोन सांगूनच काढा, किंवा ती जॉबला बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या. पॅरामीटर दिल्याचा आणखी एक लाभ म्हणजे चुकलेला दिवस नंतर हाताने चालवता येतो. आर्थिक वर्षाच्या पार्टिशनची (टेबलाच्या वेगळ्या भागाची) सीमाही यूटीसीत ३१ मार्च, १८:३० असते, १ एप्रिल ००:०० नव्हे.

‘आयएसटी’ असे लिहिले तर चालते का?

नाही. ही तीन अक्षरे भारत, इस्राएल आणि आयर्लंड असे तीन देश वापरतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १८ पूर्वीच्या आवृत्त्यांत मूळ सेटिंगनुसार ‘आयएसटी’ म्हणजे इस्राएलची प्रमाणवेळ, यूटीसीच्या दोन तास पुढे. ‘२०२६-०३-१० ०२:०० आयएसटी’ असे दिले की वेळ साडेतीन तासांनी चुकते आणि एररही येत नाही. ‘टाइमझोन_ॲब्रिव्हिएशन्स’ हे सेटिंग ‘इंडिया’ करता येते, पण प्रत्येक सर्व्हरवर ते आठवणीने करण्यापेक्षा संक्षेप न वापरणे सोपे. ‘सीएसटी’चेही तेच : शिकागो की चीन?

‘आशिया/कोलकाता’, ‘युरोप/लंडन’, ‘अमेरिका/न्यू_यॉर्क’ अशी पूर्ण नावे लिहा. नुसता ‘+०५:३०’ भारतापुरता चालून जातो. पण ‘-०५:००’ म्हणजे न्यू यॉर्क नव्हे, ते फक्त न्यू यॉर्कच्या हिवाळ्याचे रूप आहे.

आणखी एक सापळा. पोस्टग्रेसमध्ये सेशनचा (डेटाबेसशी केलेल्या एका जोडणीचा) झोन ‘यूटीसी+५:३०’ असा मजकुरात दिला तर तो पॉझिक्सच्या (युनिक्स प्रणालींच्या मानकाच्या) रीतीने वाचला जातो आणि तिथे अधिक म्हणजे पश्चिम. तुम्ही भारत मागता आणि वेळ मिळते यूटीसीच्या साडेपाच तास मागची, म्हणजे तब्बल ११ तासांची चूक. ‘ईटीसी/जीएमटी+५’ या नावातही चिन्ह असेच उलटे आहे.

क्रॉन, सिस्टमडी आणि कंटेनर यांत झोन कुठे लिहायचा?

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सच्या ‘क्रॉनी’ या क्रॉनमध्ये क्रॉनटॅबच्या (जॉबच्या यादीच्या फाइलच्या) वर ‘क्रॉन_टीझेड’ लिहिता येते आणि वेळा त्या झोनने मोजल्या जातात. डेबियनच्या मूळ क्रॉनमध्ये ही सोय नाही. तिथे ‘टीझेड’ लिहिले तर ते फक्त चालणाऱ्या आज्ञेला मिळते, जॉब सुटण्याची वेळ सर्व्हरच्याच झोनने ठरते. एकच क्रॉनटॅब दोन्हीकडे नेऊन ठेवणाऱ्यांना हा फरक उशिरा कळतो.

आमची शिफारस सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) टायमरची. ‘ऑनकॅलेंडर’च्या ओळीत वेळेनंतर झोनचे नाव लिहिता येते, ‘पर्सिस्टंट’ सुरू ठेवले तर सर्व्हर बंद असताना हुकलेला जॉब तो उठल्यावर चालतो, आणि ‘सिस्टमडी-ॲनलाइझ कॅलेंडर’ ही आज्ञा पुढच्या वेळा यूटीसीसकट दाखवते.

कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या क्रॉनजॉबमध्ये ‘टाइमझोन’ हे फील्ड १.२७ पासून स्थिर आहे. कंटेनरमध्ये मात्र छोट्या इमेजमध्ये टीझेडडेटा हे झोनच्या नियमांचे पॅकेजच नसते. मग ‘टीझेड’ कितीही बरोबर लिहिला तरी आतली वेळ मुकाट्याने यूटीसी राहते. कंटेनरमध्ये शिरून ‘डेट’ चालवा आणि डोळ्यांनी खात्री करा.

पोस्टग्रेसमध्ये काय सांभाळायचे?

पीजी_क्रॉन (पोस्टग्रेसच्या आतला शेड्यूलर) मूळ सेटिंगनुसार जीएमटीने (म्हणजे यूटीसीनेच) चालतो, डेटाबेसच्या ‘टाइमझोन’ सेटिंगने नव्हे. नव्या आवृत्त्यांत ‘क्रॉन.टाइमझोन’ आहे, पण तो सगळ्या जॉबना एकच लागतो. तीन गावांचे जॉब एकाच पीजी_क्रॉनमध्ये असतील तर तो जीएमटीवरच राहू द्या. गावाला बांधलेला जॉब दर तासाला सोडा आणि ‘न्यू यॉर्कला आता रात्रीचे तीन वाजून गेलेत का, आणि आजचे काम अजून बाकी आहे का’ हे त्याने स्वतःच तपासावे.

‘टाइमस्टँपटीझेड’ प्रकारचा रकाना झोन साठवत नाही, फक्त क्षण साठवतो. आणि ‘ॲट टाइम झोन’ दोन दिशांनी काम करते : झोन असलेल्या वेळेवर लावले की त्या गावच्या भिंतीवरचे घड्याळ मिळते, बिनझोनच्या वेळेवर लावले की ती वेळ त्या गावची समजून क्षण मिळतो. रकान्याचा प्रकार न बघता ती वापरली की साडेपाच तास उलट्या दिशेला जातात.

मायएसक्यूएलचे इव्हेंट कुठल्या वेळेने चालतात?

इव्हेंट (मायएसक्यूएलने स्वतःच वेळेवर चालवायचे काम) तयार करताना सेशनचा ‘टाइम_झोन’ जो असेल, तो त्या इव्हेंटला कायमचा चिकटतो. एका डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) पुण्यातून ‘+०५:३०’ सेशनने आणि दुसऱ्याने यूटीसी सेशनने ‘रोज २:००’ असा इव्हेंट बनवला, तर एकाच सर्व्हरवर ते साडेपाच तासांच्या अंतराने चालतील. ‘शो इव्हेंट्स’मध्ये टाइम झोनचा रकाना असतो, तो नजरेखालून घाला. इव्हेंट बनवणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ सेशनचा झोन ठरवणारी हवी.

झोनची नावे वापरायची तर ती आधी ‘मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल’ने टेबलांत भरावी लागतात. भरली नसतील तर ‘कन्व्हर्ट_टीझेड’ एरर न देता ‘नल’ परत करते आणि तुमची अट एकाही ओळीला लागू पडत नाही. रिकामा अहवाल आला की आधी हे तपासा.

एसक्यूएल सर्व्हर एजंटला झोन देता येतो का?

जॉबच्या वेळापत्रकात नाही. एजंट, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचा शेड्यूलर, यंत्राच्या स्थानिक वेळेने चालतो आणि इतिहासही स्थानिक वेळेतच, पूर्णांकांत लिहितो. २:०५:०० म्हणजे २०५००, आणि रात्रीचे साडेबारा म्हणजे नुसते ३०००. तीन देशांच्या सर्व्हरांवरचा इतिहास एकत्र करायचा असेल तर एमएसडीबी या अंतर्गत डेटाबेसमधले ‘एजंट_डेटटाइम’ वापरून तो वेळेच्या प्रकारात बदला, आणि गोळा करतानाच सर्व्हरच्या झोनने यूटीसीत न्या.

शरद ऋतूत घड्याळ मागे गेले की दर दहा मिनिटांनी चालणारा जॉब तासभर गप्प बसू शकतो. पुढची वेळ १:५० वाजता ‘२:००’ अशी लिहिली गेलेली असते आणि घड्याळ मध्येच परत १:०० दाखवू लागते. लॉगच्या बॅकअपसाठी हा तास महागात पडतो. विंडोज यूटीसीवर ठेवणे हाच त्यावरचा नीट उपाय.

‘ॲट टाइम झोन’ २०१६ च्या आवृत्तीपासून आहे. तिथे विंडोजची नावे चालतात, म्हणजे ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’. ‘आशिया/कोलकाता’ दिले तर एरर येते. यूटीसी वेळ भारतीय करायची तर ते दोनदा लावा : आधी ‘यूटीसी’, मग ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’. एकदाच लावले तर वेळ बदलत नाही, तिच्यावर नुसता शिक्का बसतो. अझ्युरवरच्या मॅनेज्ड इन्स्टन्सचा झोन तयार करतानाच ठरतो आणि नंतर बदलता येत नाही, म्हणून तो फॉर्म घाईत भरू नका.

ओरॅकलमध्ये?

‘डीबीएमएस_शेड्यूलर’च्या पुनरावृत्तीच्या ओळीत झोन लिहायची सोय नाही, तो सुरुवातीच्या तारखेतून घेतला जातो. तिथे प्रदेशाचे नाव असेल तर जॉब उन्हाळी वेळेबरोबर सरकतो, ‘-०५:००’ असा आकडा असेल तर सरकत नाही. सुरुवातीची तारीख दिलीच नाही तर शेड्यूलरचा ‘डिफॉल्ट_टाइमझोन’ लागतो. ‘सिसडेट’ सर्व्हरच्या यंत्राची वेळ देते, ‘करंट_डेट’ सेशनची. एका प्रोसिजरमध्ये दोन्ही मिसळू नका.

घड्याळ बदलताना गळणारा आणि दोनदा येणारा तास कसा सांभाळायचा?

न्यू यॉर्कला ८ मार्च २०२६ रोजी रात्रीचे २:०० ते २:५९ येतच नाहीत, आणि १ नोव्हेंबरला १:०० ते १:५९ दोनदा येतात. लंडनला गळणाराही आणि दोनदा येणाराही तास १:०० ते १:५९ हाच. स्थानिक घड्याळावरचे जॉब या दोन गावांत ००:०० ते ३:०० या पट्टीबाहेर ठेवा. ३:३० ला लावायला कुणाची हरकत नसते, पण सगळ्यांचा हात सवयीने दोनवरच जातो.

व्हिक्सी घराण्याचे क्रॉन ठरलेल्या वेळेचा जॉब गळाला तर लगेच चालवते आणि दुसऱ्यांदा आलेल्या तासात पुन्हा चालवत नाही. पण तासाच्या जागी तारा (*) असलेल्या ओळींना हे लागू नाही, आणि प्रत्येक शेड्यूलरची रीत वेगळी. म्हणून संरक्षण डेटाबेसमध्येच हवे. जॉबचे नाव आणि व्यवसायाची तारीख यांवर युनिक बंधन असलेले टेबल करा. जॉबने आधी तिथे ओळ घालावी, ती आधीच असेल तर थांबावे. दोन प्रती एकाच वेळी सुटू नयेत म्हणून कुलूप घ्या : पोस्टग्रेसमध्ये ॲडव्हायझरी लॉक, मायएसक्यूएलमध्ये ‘गेट_लॉक’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसपी_गेटॲपलॉक’.

‘गेल्या २४ तासांचा डेटा’ असे लिहिले तर काय बिघडते?

घड्याळ पुढे जाते तो दिवस २३ तासांचा असतो आणि मागे जाते तो २५ तासांचा. मार्चमध्ये एक तास दोनदा मोजला जातो, ऑक्टोबरमध्ये एक तास सुटतो. त्या गावच्या दिवसाची सुरुवात आणि शेवट झोन लावून क्षणांत काढा आणि ‘सुरुवातीपासून, शेवट सोडून’ अशी अट लिहा.

सतत ओढायचा डेटा असेल तर मागच्या यशस्वी फेरीत कुठपर्यंत आलो ती खूण साठवा. खूण अगदी ‘आता’पर्यंत पुढे नेऊ नका. पोस्टग्रेसमध्ये ‘नाउ’ म्हणजे व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू झाल्याचा क्षण. दहा मिनिटे चाललेला व्यवहार कमिट (पक्का) होतो तेव्हा त्याच्या ओळींवर दहा मिनिटांपूर्वीची वेळ असते, आणि तुमची खूण तोवर पुढे निघून गेलेली असते. सगळ्यांत लांब व्यवहाराएवढी सवड मागे ठेवा आणि दोनदा आलेल्या ओळी किल्लीवरून गाळा. दोन सर्व्हरांची घड्याळे आपसात जुळलेली आहेत का, हे ‘क्रॉनीसी ट्रॅकिंग’ने आणि विंडोजवर ‘डब्ल्यू३२टीएम’ने पाहत राहा.

झोनचे नियम बदलले तर सर्व्हरला कसे कळते?

आपोआप नाही. मेक्सिकोने बहुतांश भागातली उन्हाळी वेळ ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद केली, इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा आणली, कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळा देश यूटीसीच्या पाच तास पुढे अशा एकाच वेळेवर आणला. जुना टीझेडडेटा असलेला सर्व्हर अजून जुन्याच नियमाने चालतो.

चाचणी सोपी आहे. मेक्सिको सिटीच्या १ जुलै २०२६ दुपारी बाराचा फरक विचारा. उत्तर -६ हवे, -५ आले तर डेटा शिळा. अल्माटीचा +५ हवा, +६ नको. हीच विचारणा लिनक्सला, डेटाबेसला आणि जावा ॲप्लिकेशनला अशी तीनदा करा, कारण जावा स्वतःचा वेगळा टीझेडडेटा बाळगते आणि पोस्टग्रेस, बांधणीनुसार, स्वतःचा किंवा यंत्राचा. मायएसक्यूएलची टेबले पुन्हा भरल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करा. ओरॅकलमध्ये आवृत्ती ‘व्ही$टाइमझोन_फाइल’मध्ये दिसते.

याच कारणाने पुढच्या वर्षीच्या कामाची वेळ नुसती यूटीसीत साठवू नका. गावची वेळ आणि झोनचे नाव साठवा, यूटीसी दर वेळी नव्याने काढा.

फेलओव्हर झाल्यावर जॉबचे काय होते?

फेलओव्हर म्हणजे मुख्य सर्व्हर पडल्यावर पर्यायी सर्व्हरने काम हाती घेणे. पीजी_क्रॉन स्टँडबायवर (राखीव सर्व्हरवर) गप्प असतो आणि तो सर्व्हर मुख्य झाला की आपोआप सुरू होतो. मायएसक्यूएलचे इव्हेंट रेप्लिकावर (मुख्य सर्व्हरच्या प्रतीवर) बंद अवस्थेत पोहोचतात, मुख्य केल्यावर ते हाताने सुरू करावे लागतात. एसक्यूएल सर्व्हरचे जॉब एमएसडीबीत असल्याने साध्या अव्हेलेबिलिटी ग्रुपबरोबर (एकत्र फेलओव्हर होणाऱ्या डेटाबेसांच्या गटाबरोबर) जातच नाहीत. दोन्हीकडे तयार ठेवा आणि पहिल्या पायरीत ‘मी मुख्य आहे का’ हे विचारा. पर्यायी सर्व्हर दुसऱ्या झोनमध्ये असेल तर एजंटचा २:०० चा जॉब त्या गावच्या २:०० ला चालेल. फेलओव्हरच्या सरावात हे मुद्दाम तपासा.

जन्मतारखा एक दिवस मागे दिसतात, हाही झोनचाच प्रश्न का?

हो, आणि रात्रीचे रूपांतराचे जॉब तो पसरवतात. तारखेला ‘मध्यरात्रीचा क्षण’ म्हणून साठवले की झोन बदलताच ती सरकते. भारतातही हे होते : दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात आपली घड्याळे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. ‘आशिया/कोलकाता’ला हा इतिहास ठाऊक आहे, ‘+०५:३०’ला नाही. एका प्रणालीने एका रीतीने लिहिलेली १० जून १९४३ ही जन्मतारीख दुसरीने दुसऱ्या रीतीने वाचली की ९ जून, रात्री ११:०० होते, आणि पेन्शनच्या कागदांत हा एक दिवस माणसाला खेटे घालायला लावतो. जन्मतारीख ‘डेट’ प्रकारातच ठेवा.

घड्याळ बदलण्याआधी चाचणी कशी करायची?

चालू सर्व्हरचे घड्याळ हलवून कधीही नाही. प्रमाणपत्रे, रेप्लिकेशन, लॉग सगळेच विस्कटते. ‘सिस्टमडी-ॲनलाइझ कॅलेंडर’ला आधारवेळ म्हणून ७ मार्च द्या आणि पुढच्या पाच वेळा मागा. ओरॅकलमध्ये ‘इव्हॅल्युएट_कॅलेंडर_स्ट्रिंग’ तेच काम करते. स्क्रिप्टसाठी चाचणीच्या यंत्रावर लिबफेकटाइम (प्रोग्रॅमला खोटी वेळ दाखवणारे साधन) वापरा. व्यवसायाची तारीख पॅरामीटरने येत असेल तर २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर या दोन तारखा देऊन ओळी मोजा.

इशाऱ्याची मर्यादाही पाहून घ्या. ‘शेवटचे यश २४ तासांहून जुने’ अशी अट ठेवली तर २५ तासांच्या दिवशी खोटी घंटा वाजते, आणि दोनदा खोटी वाजलेली घंटा तिसऱ्यांदा कुणी ऐकत नाही. रोजच्या जॉबला २६ तास ठेवा, आणि इशाऱ्यात दोन वेळा लिहा : यूटीसी आणि ज्याला उठवायचे आहे त्याच्या गावची.